हाताला ओळखू येणारा फलक

आषाढात मालवणच्या किनाऱ्यावर पाऊस कोसळू लागला, की समोरचा सिंधुदुर्ग किल्लाही दिसेनासा होतो. अशा हवेत वैमानिक विमान कसे चालवीत असेल? त्या वेळी त्याची सारी भिस्त समोरच्या नियंत्रण-फलकावर असते. या फलकावर वेग, उंची व दिशा दाखविणाऱ्या तबकड्या आणि अनेक खटके व दांडे असतात. त्यांची सवय प्रथमच आकाशात करणे धोक्याचे. म्हणून ती जमिनीवर करावी लागते.

अमेरिकेतील एडविन लिंक या तरुणाने १९२९ साली त्यासाठी एक यंत्र तयार केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. दशावतारी नाटकातील पायपेटीप्रमाणे ऑर्गनलाही भात्याची हवा लागते. असे भाते लिंकने एका लहान लाकडी विमानाखाली बसविले. दांडा हलविला, की भात्यांतील हवा कमीजास्त होई आणि विमान जागच्या जागी कलत असे. आरंभी लोकांनी ते करमणुकीचे साधन मानले. परंतु १९३४ मध्ये टपाल नेणारे अनेक लष्करी वैमानिक खराब हवेत मृत्यू पावले, तेव्हा सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली.

आज घरच्या संगणकावरही विमान चालविण्याचा सराव करता येतो. त्या साधनाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. मात्र संगणकाच्या कळा सर्व सारख्याच. त्यांत खऱ्या विमानाची जाणीव नाही. म्हणून हौशी माणसे नियंत्रण-फलक घरीच बनवितात.

प्लायवुडच्या फळीला भोके पाडून त्यांत खटके बसवितात. खटक्यांच्या तारा आर्डुइनोसारख्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला जोडतात. खटका दाबला, की विजेचे मंडल पूर्ण होते. बोर्डाला ते कळते आणि तो यूएसबी तारेतून संगणकाला सूचना देतो. इंजिनाचा जोर बदलणाऱ्या दांड्याला मात्र ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच पुरत नाही. तेथे रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणासारखे फिरते बटण लावतात. ते फिरविले, की विजेचा दाब बदलतो व बोर्ड तो ० ते १०२३ अशा अंकांत मोजतो. यूएसबी तारेतून बोर्डाला मिळणारी वीज साधारण ५ व्होल्टची असते. घरातील विजेच्या जोडणीशी या तारांचा संबंध कधीही येऊ देऊ नये.

फलक बनविताना खटक्यांच्या आकाराचाही विचार करावा. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या विमानात चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी-शेजारी होते व जवळजवळ सारखेच दिसत. विमान उतरल्यावर थकलेला वैमानिक झडपांऐवजी चाकेच आत घेई आणि विमान पोटावर आदळे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने दोष वैमानिकाचा नसून फलकाचा आहे, हे ओळखले. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटे रबरी चाक आणि झडपांच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा बसविण्याचा उपाय सुचविला. मग न पाहताही बोटांना दोन्हींतला फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याचे टोक चाकासारखेच असते.

घरच्या फलकावरही असे चाक लावावे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्याचे जुने चाकही त्यासाठी चालेल. मग डोळे मिटून हात पुढे करावा. तो नेमका त्याच दांड्यावर गेला, म्हणजे फलक चांगला बनला असे समजावे.