दम आधी येतो, हाड मागून

जवान घडताना : लेखांक ५

गेल्या आठवड्याचा लेखांक भरतीच्या मैदानावर संपला. तिथे निवडला गेलेला मुलगा पुढे प्रशिक्षण केंद्रात दाखल होतो. भारतीय तोफखान्याची अशी दोन केंद्रे आहेत. एक आपल्या नाशिक रोडला, दुसरे हैदराबादला गोवळकोंड्याच्या परिसरात. जून २०२२ मध्ये अग्निपथ ही चार वर्षांच्या लष्करी नोकरीची योजना जाहीर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या केंद्रात तिच्यातून निवडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू झाले. आराखडा ३१ आठवड्यांचा : पहिले १० आठवडे मूलभूत सैनिकी शिक्षण आणि नंतरचे २१ आठवडे गनर, रेडिओ ऑपरेटर, ड्रायव्हर अशा ज्याच्या त्याच्या कामाचे. आजचा विषय आहे त्या पहिल्या १० आठवड्यांत मागे पडणारा मुलगा. प्रत्येक तुकडीत अशी काही मुले असतातच. त्यांचे काय करायचे, यावर जगभरच्या सैन्यांत एक जुने उत्तर रूढ आहे : धावण्यात कच्चा आहे ना, मग त्याला आणखी धावू द्या, संध्याकाळी इतर मुले बराकीत परततील तेव्हा याच्याकडून जादा फेऱ्या काढून घ्या. हे उत्तर सरळ आणि न्याय्य वाटते, पण ते चुकीचे आहे. कच्च्या मुलाला जादा कसरत नको, वेगळी कसरत हवी. हा दयेचा प्रश्न नसून शरीर कसे घडते याचा प्रश्न आहे, आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत.

शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. नियमित धावायला लागले की हृदय आणि फुप्फुसे दोन-तीन आठवड्यांतच साथ देऊ लागतात. धाप कमी होते, नाडी लवकर शांत होते. स्नायूंना थोडा अधिक वेळ लागतो, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना त्याहून अधिक, आणि हाड सर्वांत मंद. त्यातही हाडाची रीत अशी की वाढलेला भार जाणवला की ते आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवा भरते, जसा खराब रस्ता नव्याने करण्याआधी उखडावा लागतो. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते. भरण्याचे काम तीन-एक महिने चालते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास मुलाला दम येऊ लागलेला असतो, आता याच्याकडून जोर काढून घ्यायला हरकत नाही असे उस्तादाला, म्हणजे प्रशिक्षकाला, वाटते, आणि नेमके तेव्हाच त्याच्या नडगीचे हाड आल्या दिवसापेक्षा नाजूक झालेले असते. त्यावर रोज जादा फेऱ्यांचे धक्के बसले की हाडात केसासारखी बारीक चीर पडते. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ते साध्या एक्स-रेत बहुधा दिसतही नाही, त्यामुळे लंगडणारा मुलगा कामचुकार ठरण्याचा धोका मोठा असतो. कच्च्या मुलावर होणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतानाही होतो.

या दुखण्याचा इतिहासही सैन्याचाच आहे. लांब कूच करून आलेल्या सैनिकांच्या पायांना येणारी वेदनादायक सूज प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये नोंदवली. त्यामागची हाडातली चीर डोळ्यांना दिसायला मात्र १८९५ नंतर, क्ष-किरण हाती येईपर्यंत थांबावे लागले. इस्रायलमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २९५ पायदळी रंगरूटांवर १४ आठवडे बारीक नजर ठेवली गेली. त्यांतल्या ३१ टक्के मुलांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाले होते. पुढे तिथल्या सैन्याने बूट बदलून पाहिले, पायतळवे बदलून पाहिले. ठळक फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी : रात्रीची किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचे अंतर कमी केले. या दोन्हींमुळे स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले. अमेरिकेच्या मरीन दलाने सॅन दिएगो येथे प्रशिक्षणातले एकूण धावणे सुमारे ५५ मैलांवरून ३३ मैलांवर आणले. स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून कमी झाले आणि शेवटच्या तीन मैलांच्या चाचणीच्या वेळेत नगण्य फरक पडला. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात धावण्याचा बराचसा भाग कमी केला गेला. तिथे पुरुष रंगरूटांच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. तीन देश, तीन वेगळी सैन्ये, आणि निष्कर्ष एकच : एका मर्यादेनंतर वाढवलेले धावणे-चालणे दम वाढवत नाही, दुखापती वाढवते. ही मर्यादा सर्वांत आधी गाठतो तो सर्वांत सावकाश धावणारा. तुकडी एका वेगाने धावते तेव्हा पुढच्या मुलासाठी तो वेग सहज असतो आणि मागच्यासाठी जिवाच्या आकांताचा. म्हणजे ज्याला आपण कमी तयार म्हणतो, त्यानेच त्या सकाळी सर्वांत जास्त कष्ट केलेले असतात. संध्याकाळची जादा पीटी नेमकी त्याच्याच वाट्याला देण्यात तर्क उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही मुले मुळात कच्ची नाहीतच. भरतीची चाचणी उत्तीर्ण होऊनच ती आली आहेत. भरती मेळाव्यात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळतात, बीमवर दहा पुलअप्स काढणाऱ्याला ४०. शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, नागमोडी पट्टीवर तोल सांभाळायचा. ही चाचणी सोपी नाही, हे मान्यच. पण ती काय मोजते ते पाहायला हवे. साडेपाच मिनिटांत हृदय, फुप्फुसे आणि जिद्द यांचा कस लागतो. दहा आठवडे रोज बूट घालून कवायत, कूच आणि अडथळ्यांचा सराव करणारे हाड त्यात मोजलेच जात नाही. नांदेड-लातूरपासून सांगली-कोल्हापूरपर्यंतची मुले भरती अकादमीत किंवा गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर काही महिने याच एका अंतराचा सराव करतात. मेळावा, वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी आणि प्रत्यक्ष रुजू होणे यांत पुन्हा काही महिने जातात, आणि निवड झाल्याच्या आनंदात कित्येकांचा सराव सुटतो. मग केंद्रात अंतर वाढते. बीपीईटी या सैनिकी शारीरिक क्षमतेच्या चाचणीत पाच किलोमीटर धावायचे असते, तेही बूट, रायफल आणि पाठीवरच्या सामानासह. तयारी नसलेल्या शरीराकडून एकदम लांब पल्ला धावून घेतला तर काय होते, ते झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत २०२४ च्या ऑगस्टअखेर दिसले. दहा किलोमीटरच्या शारीरिक चाचणीच्या काळात दहाहून अधिक तरुण दगावले आणि सरकारला चाचणी थांबवावी लागली.

मुलगा कच्चा का राहतो, याचे एक उत्तर हैदराबादमध्येच तारनाक्याला आहे. राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. मॅकॅरिसन यांच्या काळात इंग्रज सरकार लढाऊ जातींच्या सिद्धान्तावर भरती करत होते : अमुक वंशाचा माणूस जात्याच सैनिक, तमुक वंशाचा जात्याच दुबळा. मॅकॅरिसन यांनी एकाच जातीचे उंदीर घेतले, त्यांचे गट पाडले आणि एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रदेशाचा आहार दिला. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले, त्यानंतर पठाणी आहारावरचे, तिसऱ्या क्रमांकावर मराठी आहारावरचे. मद्रासी आहारावरचे सर्वांत खाली. उंदरांचा वंश एकच होता, त्यांची वाढ ठरवली ती दूध, डाळ, भाजी आणि धान्याने. या प्रयोगाला शंभर वर्षे होत आली तरी ‘याच्या अंगातच नाही’ हे वाक्य मैदानांवर अजून ऐकू येते, म्हणून तो इथे मुद्दाम सांगितला. माणसांवरचा पुरावाही हैदराबादच्याच आसपासचा आहे. १९८७ ते १९९० या काळात शहराजवळच्या २९ गावांपैकी काही गावांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना पूरक आहार मिळत होता, उरलेल्या गावांत नव्हता. २००३ ते २००५ मध्ये त्याच मुलांना १३ ते १८ वर्षांची असताना तपासले, तेव्हा पूरक आहाराच्या गावांतली मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच होती आणि हृदयाच्या पुढच्या आरोग्याची काही लक्षणेही त्यांच्यात अधिक चांगली होती. पाळण्यातले अन्न पंधरा वर्षांनी शरीरात मोजता आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातल्या ३१ टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. अग्निवीर होण्याचे वय साडेसतरापासून सुरू होते, म्हणजे ज्यांच्यातून भरती होते तीच ही पिढी. वैद्यकीय तपासणीत त्यांतले बरेच गळतात, पण काठावर पास झालेला मुलगा केंद्रात येतो तेव्हा त्याच्या रक्तात आणि हाडांत त्याच्या घरच्या परिस्थितीचा हिशेब लिहिलेला असतो.

म्हणून सुधारणेची सुरुवात मेसपासून व्हायला हवी. हैदराबादच्या याच संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅल्शियमची दैनंदिन शिफारस ६०० मिलिग्रॅमवरून १००० वर नेली. अमेरिकेच्या नौदलातील पाच हजारांहून अधिक महिला रंगरूटांना आठ आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले असता त्यांच्यातील स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. मागे पडलेल्या मुलाची पहिल्याच आठवड्यात हिमोग्लोबिनची तपासणी, जेवणात जास्तीचे दूध आणि प्रथिने, सहा तासांहून अधिक झोप, आणि मग कसरत : धावणे एक दिवसाआड, मऊ मातीवर, आपल्या वेगाच्या गटात, मधल्या दिवशी सायकल, पोहणे, उठाबशा, पोटरी आणि मांडीचे व्यायाम, पाठीवरचे वजन दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत चालणे. यात महागडे काही नाही. उस्तादाला मात्र एक कठीण गोष्ट करावी लागते : मुलगा उत्साहाने आणखी धावायला तयार असताना त्याला थांबवणे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धात शत्रू कोणाचे हाड तयार होण्याची वाट पाहत नाही. मग प्रशिक्षणात वाट का पाहायची? पण सैन्य मुलाला प्रशिक्षण देते ते युद्धाआधी वेळ मिळतो म्हणूनच. पाय मोडून घरी परतलेला रंगरूट युद्धाच्या कोणत्याच उपयोगाचा नसतो, आणि चार वर्षांच्या नोकरीतले तीन महिने प्लास्टरमध्ये गेले तर तोटा देशाचाही होतो. कणखरपणा शिकवायलाच हवा. तो थंडीत, रात्रीच्या पहाऱ्यात, अनोळखी प्रदेशात आणि शिस्तीत शिकवता येतो. नडगीच्या हाडाला तो शिकवता येत नाही.

वेगळी तुकडी केली की मुलांना कलंक लागतो, असेही म्हटले जाते. हा धोका खरा आहे, आणि जादा पीटी शिक्षा म्हणून दिली की तो वाढतो. ब्रिटिश रॉयल मरीन्सनी लिम्पस्टोनच्या केंद्रात जायबंदी रंगरूटांसाठी हंटर नावाची स्वतंत्र तुकडी ठेवली. तिला नाव आहे, तिचे प्रशिक्षक आहेत, आणि बरा झालेला मुलगा तिथून दुसऱ्या तुकडीत दाखल होऊन प्रशिक्षण पूर्ण करतो. तिथे जाणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे व्यवस्थेनेच ठरवून टाकले आहे.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि तोच सर्वांत खरा आहे. दहा आठवड्यांच्या मूलभूत शिक्षणात तीन महिन्यांचे हाडाचे काम बसत नाही. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्ट जॅक्सन या लष्करी तळावर मूळ प्रशिक्षणाआधीचा वेगळा वर्ग सुरू केला. जादा चरबीमुळे अपात्र ठरणाऱ्यांना ९० दिवसांपर्यंत तिथे ठेवून तयार करतात, आणि त्यांतले बहुतेक जण पुढे जातात. आपली अडचण चरबीची कमी आणि रक्त-हाडांची जास्त आहे, त्यामुळे तोच साचा इथे चालणार नाही. पण आपल्याकडे एक न वापरलेला काळ आहे : अंतिम यादी लागल्यापासून रुजू होईपर्यंतचे आठवडे. रुजू होण्याच्या पत्रासोबत १२ आठवड्यांचा तक्ता जाऊ शकतो : किती चालायचे, कोणत्या दिवशी धावायचे नाही, रोज काय खायचे, गावच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन कधी तपासायचे. तक्ता मराठीत, तेलुगूत, हिंदीत हवा. केंद्रात पोचल्यावर पहिल्या तीन दिवसांत तपासणी करून काठावरची मुले वेगळी काढावीत, आणि त्यांच्या बॅचची तारीख चार आठवड्यांनी पुढे गेली तर त्यांच्या नोकरीच्या कागदावर त्याचा शेरा पडू नये, एवढा नियम करावा.

पुढील लेखांक : उन्हाळ्यातले प्रशिक्षण आणि उष्माघात