खरी कमाई

शाळेच्या फलकावर एखाद्या दिवशी सूचना लागते : 'सहल. दौलताबाद आणि वेरूळ. वर्गणी रुपये ३५०.' सूचना एकच असते, पण ती वाचणारे चेहरे एकसारखे नसतात. कोणी आनंदाने उडी मारतो. कोणी मैत्रिणीला विचारतो, "तू येणार ना?" आणि एखादा मुलगा सूचना पूर्ण वाचतो, दप्तर उचलतो आणि म्हणतो, "मी तो किल्ला पाहिला आहे." त्याने तो पाहिलेला नसतो. घरी साडेतीनशे रुपये मागणे त्याला जड वाटते, एवढेच.

हा पाठ त्या साडेतीनशे रुपयांविषयी आहे.

शाळा म्हणजे केवळ भाषा, गणित आणि विज्ञान नव्हे. सहल, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, भित्तिपत्रक, खेळांचे सामने, वक्तृत्व स्पर्धा ही सगळी शाळाच आहे. यांना 'सहशालेय उपक्रम' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण घाबरू नका. 'सह' म्हणजे बरोबर. अभ्यासाबरोबर चालणारे काम, एवढाच त्याचा अर्थ.

यांतल्या काही उपक्रमांना पैसे जवळजवळ लागतच नाहीत. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा ते तिथल्या वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढत. हे दैनिक छापलेले नसे. गुरुजी ते स्वतः हाताने लिहीत आणि मुले ते वाचत. कागद, दौत आणि टाक एवढेच त्याचे भांडवल होते. तुमच्या शाळेत भित्तिपत्रक निघत नसेल, तर पैसे नाहीत हे कारण कोणाला सांगू नका.

पण सहलीला गाडी लागते. राज्य परिवहन महामंडळ शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते, तरी उरलेले निम्मे भरावेच लागते. प्रयोगाला साहित्य लागते. अनुदानित शाळेतील शिक्षकांचा पगार शासन देते, पण सहलीचा खर्च त्यात येत नाही. मग पैसे आणायचे कुठून?

इथे भाषेची एक गंमत सांगतो. पैशांविषयीचे मराठी शब्द तुम्हांला नव्याने शिकावे लागत नाहीत. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, नफा, खरेदी, तारीख हे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. अरबी आणि फारसीतून ते मराठीत आले आणि इथे कायमचे राहिले. तुमचा 'हिसाब' मराठीत 'हिशोब' झाला. मात्र तुम्ही ज्याला चंदा म्हणता, त्याला मराठीत 'वर्गणी' म्हणतात. नुकसान झाले की मराठी दुकानदार 'तोटा' झाला असेही म्हणतो. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे लागतील.

शिक्षणासाठी पैसे मागायला लाज वाटावी का? सर सय्यद अहमद खान यांना वाटली नाही. २४ मे १८७५ रोजी त्यांनी अलिगढला शाळा सुरू केली. पुढे तिचे महाविद्यालय झाले आणि १९२० साली विद्यापीठ झाले. या कामासाठी सर सय्यद गावोगाव फिरले. त्यांनी सोडत काढली. तिला लोकांनी नावे ठेवली, तरी त्यांनी ती काढलीच. अलिगढच्या प्रदर्शनात त्यांनी पुस्तकांचे दुकान मांडले. एवढा मोठा माणूस पैशांसाठी रंगमंचावरही उभा राहिला. देणगी देणाऱ्यांची नावे त्यांनी इमारतींच्या दगडांवर कोरून ठेवली. ती आजही तिथे वाचता येतात.

आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वेगळी वाट धरली. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. एवढ्या मुलांना रोज जेवायला घालायचे तर धान्य हवे. ते घराघरातून मूठ मूठ गोळा केले जाई. एक मूठ ज्वारी देणे गरीब घरालाही जमते, आणि मूठ देणारी माउली 'ही शाळा माझी आहे' असे म्हणू शकते. तरीही कमी पडले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले.

भाऊरावांना मात्र केवळ मागून भागवायचे नव्हते. मुलांनी काम करावे आणि त्या कामावर शिकावे, असे त्यांना वाटे. मुले शेतात राबत, बांधकामाला हात लावत. 'कमवा आणि शिका' ही योजना त्यातून उभी राहिली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने जे हायस्कूल निघाले, ते याच तत्त्वावर चालले. सर सय्यद यांनी समाजाकडे हात पसरला, भाऊरावांनी मुलांच्या हातांना काम दिले. दोघांपैकी कोणाची वाट बरोबर, असे मला कोणी विचारले तर मी उत्तर देणार नाही. शाळेला दोन्ही लागतात.

तुमच्यापैकी जे स्काउट किंवा गाइड आहेत, त्यांना 'खरी कमाई' हा शब्द माहीत असेल. इंग्लंडमध्ये १९४९ साली स्काउटांनी एक सप्ताह सुरू केला. मुलांनी शेजाऱ्यांकडे जायचे, एखादे छोटे काम करायचे आणि त्याचे एक शिलिंग घ्यायचे. आपल्याकडेही स्काउट-गाइड 'खरी कमाई' करतात. भीक नाही, देणगी नाही. आधी काम, मग दाम. आजकाल पुष्कळ शाळांत 'खरी कमाई' म्हणजे खाद्यपदार्थांचे दुकान, असे झाले आहे. पण सायकली धुणे, पुस्तकांना वेष्टने घालणे, अंगण झाडणे यांतही तेवढीच कमाई आहे आणि तिथे भांडवल लागत नाही.

आता आनंदमेळा पाहू. तो तुम्ही पाहिला असेलच. मैदानात दुकाने मांडतात. भेळ, समोसे, सरबत, रिंग टाकण्याचा खेळ. संध्याकाळी सगळे म्हणतात, "खूप नफा झाला!" खरेच झाला का? समजा, चार मुलींनी भेळेचे दुकान काढले. कुरमुरे, फरसाण आणि कांदे बाजारातून आणले. त्यांचे ३८० रुपये झाले. दहा रुपयांना एक अशा साठ बशा विकल्या. ६०० रुपये आले. मुली म्हणाल्या, नफा २२० रुपये. मी विचारले, "चिंच, गूळ, बटाटे कुठून आणले?" "घरून." "बटाटे कशावर उकडले?" "घरच्या गॅसवर." "कोथिंबीर?" "अम्मीने दिली." या सगळ्याची किंमत मांडली तेव्हा ती १५० रुपये झाली. म्हणजे खरा नफा ७० रुपये. बाकीचे दीडशे अम्मीने दिलेली वर्गणी होती. अम्मीने वर्गणी द्यायला माझी हरकत नाही, पण तिला मुलींची कमाई म्हणू नये. त्यातही गंमत अशी, की ती भेळ विकत घ्यायला संध्याकाळी अम्मीच आली होती!

मेळ्यात रोख पैसे दहा हातांत गेले, तर हिशोब लागत नाही. म्हणून कुपने छापावीत. एका टेबलावर पैसे घेऊन कुपने द्यावीत. दुकानदाराने फक्त कुपन घ्यावे, पैसे घेऊ नयेत. संध्याकाळी विकलेली कुपनांची पुस्तके मोजली की किती रक्कम हवी ते कळते. पेटी उघडली की किती आहे ते कळते. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. काही कुपने लोकांच्या खिशातच राहून जातात, तो शाळेचा फायदा.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवत होतो, तिथे दहावीच्या सहलीसाठी असाच मेळा भरला. प्रत्येकी पन्नास रुपयांची शंभर पुस्तके होती. चौदा उरली. म्हणजे शहाऐंशी गेली, ४३०० रुपये हवेत. पेटीत निघाले ४२५०. पन्नास रुपये कमी.

टेबलावर बसला होता आमचा खजिनदार. नववीपासून वर्गाचा हिशोब तोच ठेवत असे. त्याचे अब्बा यंत्रमागावर काम करत. आम्ही पुन्हा मोजले. पुन्हा पन्नास कमी. कोणी त्याला चोर म्हटले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन जिन्याच्या पायरीवर एकटा बसू लागला. तोंडाने न उच्चारलेला आरोपही पोचतो, हे मी तेव्हा पाहिले. त्याने आपली वही आणून माझ्यापुढे ठेवली. विकलेल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक तिच्यात लिहिलेला होता. फक्त ३७ क्रमांक नव्हता.

चौथ्या दिवशी मी मेळ्याच्या दिवशीचा कोट पुन्हा घातला. खिशात हात गेला आणि एक अर्धवट फाडलेले कुपनांचे पुस्तक बाहेर आले. क्रमांक ३७. मेळ्याला पाहुणे आले होते. त्यांना मान म्हणून मीच टेबलावरून एक पुस्तक उचलून दिले होते. मी पैसे ठेवले नाहीत, कोणाला सांगितले नाही. जाताना पाहुण्यांनी उरलेली कुपने परत केली, ती मी खिशात टाकली आणि विसरलो.

मी वर्गात गेलो आणि सगळ्यांसमोर हे सांगितले. सांगताना माझे कान गरम झाले होते. पन्नास रुपये खजिनदारापुढे ठेवले. मला वाटले, तो काही बोलेल. त्याने पावतीपुस्तक काढले, माझे नाव लिहिले, रक्कम अक्षरी लिहिली, पावती फाडून मला दिली आणि म्हणाला, "सर, इथे सही करा." त्या दिवशी मधल्या सुट्टीत पायरीवर कोणी नव्हते.

मग हिशोब फलकावर लागला. जमा ४३०० रुपये. दुकानांचा खर्च, घरून आणलेल्या वस्तूंसह, २३६५ रुपये. कुपनांची छपाई १४० रुपये. निव्वळ उरले १७९५ रुपये. प्रत्येक पैसा उजेडात.

खरी अडचण यापुढे होती. हे पैसे कोणाला द्यायचे? "गरीब मुलांना," असे सगळे म्हणाले. पण गरीब कोण हे ठरवायला कोणाला तरी हात वर करावा लागतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तो हात किती जड असतो ते मला माहीत होते. सगळ्यांची वर्गणी थोडी थोडी कमी करावी, असे एक मुलगी म्हणाली. साठ मुलांत वाटले तर प्रत्येकाचे तीस रुपयेही कमी होत नव्हते. ज्याला साडेतीनशे देता येत नाहीत, त्याला तीनशे वीस तरी कुठून देता येणार? शेवटी असे ठरले, की प्रत्येकाने बंद लिफाफा आणायचा. त्यावर नाव नाही, आत जमेल ती रक्कम. लिफाफा पेटीत टाकला, की फक्त हजेरीवर खूण करायची. शिक्षकांच्या खोलीत काहींनी मला सावध केले. मुले रिकामे लिफाफे टाकतील, मग तुम्ही काय कराल? त्यांचे म्हणणे चूक नव्हते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

साठ मुलांचे २१,००० रुपये हवे होते. लिफाफे फोडले तेव्हा १९,२५० निघाले. काही रिकामे होते. काहींत शंभर, दोनशे होते. एका लिफाफ्यात साडेतीनशेच्या जागी पाचशे होते. कमी पडलेले १७५० रुपये मेळ्याच्या पैशांतून भरले. कोणत्या लिफाफ्यात काय होते, ते मला तेव्हाही कळले नाही आणि आजही माहीत नाही.

साठच्या साठ मुले सहलीला आली. दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा नावाची एक भली मोठी तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे तोंड घडवले आहे आणि अंगावर फारसी अक्षरे कोरली आहेत. आजूबाजूला दुसऱ्या शाळांची मुले नुसती हात फिरवून पुढे जात होती. आमची मुले वाकून एकेक अक्षर लावत बसली. "अलिफ... नाही नाही, लाम आहे तो!" असा गलका चालला होता. मागून गाडीचा कर्णा वाजत होता, तरी कोणी हलेना.

परत आल्यावर खजिनदाराने नवे पान उघडले. वर तारीख घातली आणि पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी पहिली ओळ लिहिली : 'मागील शिल्लक, रुपये ४५.'