हरणाऱ्या प्रशिक्षकाला वेळ देणारं शहर

विनिपेग (कॅनडा) : इथला फुटबॉल म्हणजे लांबोळका चेंडू हातात धरून धावायचा, फेकायचा आणि समोरच्याला आडवं करायचा खेळ. अमेरिकेतल्या खेळाशी त्याचं जवळचं नातं आहे, पण इथे संघात अकराऐवजी बारा जण असतात आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी मिळतात. १९०९ पासून चालत आलेला ग्रे कप हा या खेळातला सर्वोच्च मान.

विनिपेगच्या ‘ब्लू बॉम्बर्स’ संघाला मालक नाही. आपल्या कृष्णा किंवा वसंतदादा साखर कारखान्याला निदान भागधारक सभासद असतात. इथे तेही नाहीत. संघ चालवणारी संस्था नफा वाटत नाही, उरलेला पैसा पुन्हा खेळातच घालते. संघ हरला की शहरातला प्रत्येकजण हक्काने बोलतो.

हे बोलणं माइक ओशे यांनी भरपूर ऐकलं. ते मूळचे ऑन्टारिओतल्या नॉर्थ बे गावचे. हॅमिल्टन आणि टोरांटोकडून सोळा हंगाम खेळून त्यांनी तीन ग्रे कप जिंकले. पुढे टोरांटोत साहाय्यक प्रशिक्षक असताना २०१२ मध्ये चौथा मिळाला. २०१३ च्या डिसेंबरात विनिपेगने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. पहिल्या हंगामात अठरापैकी सात सामने जिंकले, दुसऱ्यात पाचच. २०१६ ची सुरुवातही एक विजय आणि चार पराभव अशी. ‘काढा यांना’ अशी ओरड झाली. संस्थेने काढलं नाही. ओशे यांनी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, बदलला आणि संघाने ओळीने सात सामने मारले. २०१९ मध्ये हॅमिल्टनला ३३-१२ असं हरवून विनिपेगने २९ वर्षांनी कप आणला, आणि २०२१ मध्ये पुन्हा. त्यानंतर २०२२, २०२३, २०२४ असे सलग तीन अंतिम सामने हातचे गेले. तरीही २०२५ मध्ये संघ ओशे यांच्याच हाती होता.

सातारा-सांगलीच्या मातीला ही गोष्ट परकी नाही. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तरीही त्यांच्या पुढच्या वारीसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. १९५२ मध्ये हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले.

पण एका माणसाच्या मोठ्या मनावर प्रत्येक पिढी तरून जात नाही. आपल्या तालमींतल्या वस्तादांना, मैदानांवरच्या प्रशिक्षकांना लेखी करार हवा, ठरलेला पगार हवा आणि किमान चार वर्षांची मुदत हवी. जिल्हा संघटना, कारखाने, शिक्षणसंस्था यांना हे जमण्यासारखं आहे. पुढच्या वर्षाची शाश्वती असलेला वस्ताद लगेचच्या विजयासाठी चौदा वर्षांच्या पोराला उपाशी ठेवून खालच्या वजनगटात उतरवणार नाही. त्याचं अंग भरेपर्यंत थांबेल.