धुऱ्यावरचा दगड आणि सामाईक विहीर

चिखला हे तुमसर तालुक्यातले मँगनीजच्या खाणीचे गाव. मिशनऱ्यांच्या जुन्या वाटणीत हा सारा मुलूख स्कॉटिश मिशनचा. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले आणि पुढे भंडाऱ्यातही त्याच मिशनचे ठाणे झाले. नगर अमेरिकन मराठी मिशनकडे, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे, यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे, अकोला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे. एका मिशनने दुसऱ्याच्या क्षेत्रात काम सुरू करायचे नाही, असा तो सामंजस्याचा संकेत. त्यामुळे एखादे कुटुंब प्रेस्बिटेरियन होणार की मेथडिस्ट, हे पुष्कळदा बायबलापेक्षा तालुक्याच्या हद्दीनेच ठरवले. या वाटणीला सहकार्य म्हणण्याची आपली सवय आहे. मला ती मान्य नाही. भावाभावांनी धुऱ्यावर दगड रोवला की भांडण टळते, पण त्यामुळे कोणी एकमेकांच्या विहिरीवर पाणी भरायला जात नाही.

शिवाय दगड टिकतोच असे नाही. नगरमध्ये अमेरिकन मिशनने 1831 पासून काम उभे केले होते, तिथेच 1870च्या दशकात एस.पी.जी. ही अँग्लिकन मिशनरी संस्था उतरली आणि कुरबुरी सुरू झाल्या. खाणीच्या गावात तर हद्दीला अर्थच उरत नाही. मजूर काम असेल तिथे जातो, त्याच्याबरोबर त्याची उपासनेची रीतही जाते, आणि ज्या मंडळीत तो बसतो तिला त्याच्या मूळच्या पाळकाचे नावही ठाऊक नसते.

1910च्या एडिनबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेनंतर हवा बदलली. त्याच परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरिया यांनी मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली होती. पैसा आणि त्याग त्यांना पुरेसा वाटत नव्हता. 1914 मध्ये राष्ट्रीय मिशनरी परिषद स्थापन झाली, 1923 मध्ये ती राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद बनली आणि पुढे तिचे कार्यालय नागपुरात आले. मंडळ्यांच्या एकीकरणासाठी 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींना 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात फळ आले: सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले.

पंथांची मतेच मुळात जुळत नाहीत, मग एकी कुठली, असा आक्षेप नेहमी येतो. पण बाप्तिस्मा बालपणी की समजत्या वयात, या सर्वांत अवघड मानल्या गेलेल्या प्रश्नावर नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य करून वाट काढली. अडले ते जमिनीपाशी. त्या सहांपैकीच एक असलेल्या ब्रदरन मंडळीच्या गुजरातेतील मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मालमत्ता नव्या चर्चकडे कायदेशीर रीतीने गेलीच नाही, असा निकाल 2013 मध्ये लागला. म्हणजे विलीनीकरणाला त्रेचाळीस वर्षे उलटल्यावर! सार्वजनिक विश्वस्त कायद्याची पायरी गाळून केलेली एकी किती काळ टिकते, याचा हा चोख दाखला.

म्हणून एकी कायद्यात आणि हिशेबात पक्की करा म्हटले, की दुसरा आक्षेप येतो: हिशेबाची भाषा प्रार्थनेच्या नात्यात कोरडी वाटते. वाटेल. तरीही यवतमाळला 1953 मध्ये सुरू झालेली आणि 1983 मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी वेगवेगळ्या पंथांनी मिळून चालवली, ती शिक्षक, विद्यार्थी, खर्च आणि कारभारी मंडळ सामाईक ठेवून. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयामागेही अनेक मंडळ्यांचे असेच पाठबळ आहे. दोन्हीकडे कोणाला आपला पंथ सोडावा लागला नाही. विश्वास आधी आणि काम मागून, असा क्रम आपण धरतो. इथे तो उलटा दिसतो. एकाच वहीत जमाखर्च लिहिताना माणसे एकमेकांना ओळखू लागतात.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या ख्रिस्ती संस्थांना म्हणूनच एक विनंती. पुढच्या संयुक्त सभेचे निमंत्रण पाठवाल, तेव्हा सोबत आपल्या संस्थेचा ताजा लेखापरीक्षण अहवालही जोडा.