छंद, उद्योग आणि हाताचे कसब

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे ज्या तरुणाला उद्देशून वापरली जाते, त्याचे चित्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. शाळा सुटल्यावर तो काही महिने गॅरेजमध्ये राहतो, नंतर वायरमनच्या हाताखाली जातो, लग्नसराईत मंडपवाल्याकडे राबतो आणि घरी असला की बंद पडलेला पंखा नाहीतर पाण्याचा पंप उघडून बसतो. एका जागी तो टिकत नाही, म्हणून वडीलधाऱ्यांना काळजी वाटते. नोकरी देणाऱ्यालाही त्याच्या अर्जातील ही धरसोड खटकते. ही काळजी अनाठायी नव्हे. परंतु त्या चार-पाच वर्षांत त्याच्या हाताला काय लाभले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

हा हिशेब कसा मांडता येतो, हे पाहावयाचे असेल तर भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षे तपासावीत. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाने ते प्रसिद्धीस आले. मात्र त्यापूर्वीचा त्यांचा जीवनक्रम एखाद्या अस्थिर माणसाचा वाटावा असाच आहे.

उद्योगांची लांबलचक यादी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुंबईस विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाल्याने कुटुंब मुंबईला आले. 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून ते बडोद्यास गेले व तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. पुढे छापखान्यासाठी लागणारे चित्रांचे ठसे तयार करण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावल्यावर तो सोडावा लागला. नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे रंगविले. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे खेळ करू लागले. 1903 मध्ये ते पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरीस लागले. काही वर्षांतच ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा व छपाईचा व्यवसाय सुरू केला. तो पुढे मुंबईस आला. रंगीत छपाईची नवी यंत्रे पाहण्यासाठी 1909 मध्ये ते जर्मनीस जाऊन आले आणि त्यानंतर भागीदारांशी मतभेद होऊन भरभराटीस आलेल्या त्या छापखान्यातूनही ते बाहेर पडले.

वय चाळीस. हाती धंदा नाही, संसार मात्र मोठा. त्या काळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांच्याविषयी काय म्हटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

याच सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या पुराणकथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. मिळतील ती पुस्तके वाचून आणि चित्रपट पुनःपुन्हा पाहून ते रात्रंदिवस अभ्यास करू लागले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. 1912 च्या आरंभी ते लंडनला गेले. कॅमेरा, कोरी फिल्म आणि यंत्रसामग्री यांची खरेदी ठरवून आणि तेथील स्टुडिओत चित्रीकरणाची पद्धत पाहून एप्रिलमध्ये परतलेही. साऱ्या प्रवासासकट दोन महिन्यांचा हा मामला होता. दोन महिन्यांत एवढे मोठे तंत्र शिकता येत नाही. परंतु फाळके यांना त्यातील बराचसा भाग नव्याने शिकावयाचाच नव्हता.

जुन्या कामांची नव्या कामात बेरीज

त्या काळी मिळणाऱ्या कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडलेली नसत. कॅमेऱ्यातील दाते ज्या भोकांत अडकून फिल्म पुढे सरकते, ती भोके स्वतःच पाडावी लागत आणि तीही अंधारात. कारण प्रकाश लागताच फिल्म निकामी होई. भोकांमधील अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरील चित्र थरथरते. चित्रीकरण झाल्यावर फिल्म रसायनांत धुवावयाची, सुकवावयाची आणि तिच्यावरून दुसरी प्रत काढावयाची. ज्या माणसाने कित्येक वर्षे अंधाऱ्या खोलीत काचा धुतल्या, धातूच्या पत्र्यावर रसायनाने चित्र कोरून ठसे काढले, त्याला द्रावणाचा जोर, वेळेचे भान आणि हाताचा हलकेपणा यांचा सराव होता. वस्तू बदलली होती, काम ओळखीचे होते.

हीच गोष्ट इतर अंगांची. पडदे रंगविताना सपाट कापडावर राजवाड्याची खोली कशी भासवावी हे ते शिकले होते. चित्रपटाच्या नेपथ्याला ते उपयोगी पडले. पुरातत्त्व खात्यात वास्तूंची छायाचित्रे घेताना उन्हाशी जुळवून घ्यावे लागे, आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी विजेचे दिवे नव्हते, सूर्यप्रकाशातच चित्रण करावयाचे होते. छापखाना चालविल्यामुळे यंत्र उभारणे, कामगारांकडून वेळेत काम करून घेणे आणि पैशाची तोंडमिळवणी करणे हे अंगवळणी पडले होते.

जादूच्या छंदाचा लाभ सर्वांत मनोरंजक आहे. कॅमेरा मध्येच थांबवावयाचा, पात्राला चौकटीबाहेर काढावयाचे, इतरांनी जागच्या जागी स्थिर राहावयाचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करावयाचा: पडद्यावर ते पात्र क्षणात अदृश्य झालेले दिसते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले की धुरातून देवता प्रकट होते. युक्ती यंत्राची, पण प्रेक्षकाची नजर कोठे आहे आणि तिला केव्हा चकवावे, हे जाणणे जादूगाराचे. 1917 च्या ‘लंकादहन’मधील आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मधील चमत्कारांनी लोक भारावून गेले, त्यांच्या मागे प्रोफेसर केळफा उभे होते.

भांडवल मिळविण्यासाठीही त्यांनी हाताचे कामच पुढे केले. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी स्थिर ठेवला आणि जवळजवळ महिनाभर टप्प्याटप्प्याने एकेक चित्र घेत रोपाची वाढ टिपली. ही छोटीशी फिल्म पडद्यावर दाखविली तेव्हा बी अंकुरून रोप होताना मिनिटभरात दिसले. शब्दांनी जे पटले नसते ते ‘अंकुराच्या वाढी’ने पटविले आणि कर्ज उभे राहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात जनतेसाठी प्रदर्शित झाला.

या हिशेबाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. फाळके यांच्या प्रत्येक नव्या शिक्षणाची किंमत घराने मोजली. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गेले. सरस्वतीबाईंनी केवळ दागिनेच दिले असे नाही. फिल्मला भोके पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या आणि त्याबरोबरच चित्रपटात काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनी सांभाळला. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव घ्यावयास हवे. ते बराच काळ घेतले गेले नाही.

हातात नेमके काय साठते?

पुस्तकातून मिळालेली माहिती सांगता येते, लिहिता येते. हाताने मिळविलेली बरीचशी समज सांगता येत नाही. नट किती आवळावा, की आटे जाऊ नयेत; रंधा लाकडाच्या कोणत्या अंगाने चालवावा, की पापुद्रे निघू नयेत; मोटर नीट चालते आहे की तिचे बेअरिंग जाऊ लागले आहे, हे आवाजावरून कसे ओळखावे — याची उत्तरे जुना कारागीर सहसा ‘करून बघ, कळेल’ अशीच देतो. तो ज्ञान लपवीत असतो असे नव्हे. ते ज्ञान त्याच्या बोटांत आणि कानांत असते.

एकाच कामात राहणाऱ्याला ही समज खोलवर मिळते, आणि सोनार किंवा विणकर घडविण्यास दुसरा मार्ग नाही. निरनिराळ्या कामांतून फिरणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचा लाभ होतो: एकाच तत्त्वाची निरनिराळी रूपे त्याच्या हाताखालून जातात. सायकलची साखळी, शिलाई यंत्राचा पट्टा आणि पिठाच्या गिरणीचा पट्टा यांत फिरती गती एका चाकावरून दुसऱ्या चाकावर नेण्याचा एकच विचार आहे. जो तिन्ही ठिकाणी पट्टा चढवून आला, तो चौथे अपरिचित यंत्र पाहून बिचकत नाही. बिघाड शोधण्याचेही तसेच. आधी सोपे कारण तपासावे, एका वेळी एकच बदल करावा, उघडलेले भाग काढल्या क्रमाने मांडून ठेवावेत, ही शिस्त रेडिओ दुरुस्तीत लागली की पंपाच्या दुरुस्तीतही टिकते.

म्हणीतील ‘धड’ हा शब्द येथे महत्त्वाचा ठरतो. गॅरेजमध्ये दोन वर्षे राहूनही ज्याच्या वाट्याला केवळ पाने उचलून देणे आणि चहा आणणे आले, त्याच्या हाताला फारसे काही लागत नाही. असे अनेक मुलांच्या बाबतीत घडते, आणि त्यात दोष मुलांचा नसतो. काम आरंभापासून शेवटापर्यंत स्वतःच्या हाताने करावयास मिळाले काय, ते बिघडले तेव्हा निस्तरावयास मिळाले काय, यावर सारे अवलंबून असते. छंदाचे मोल येथेच आहे. छंदात मालक नसतो, गिऱ्हाईक खोळंबलेले नसते. त्यामुळे चूक करण्याची मोकळीक असते आणि संपूर्ण वस्तू एकट्यालाच पुरी करावी लागते.

नांगराच्या कारखान्याचे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा मार्गही असाच वळणांचा होता. 1869 मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या कलाशाळेत गेले. काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळल्याने त्यांना ते सोडावे लागले. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले, आणि बेळगावात भावासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. सायकल विकणे, दुरुस्त करणे, चालवावयास शिकविणे, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर, असा तो क्रम आहे. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, तिचा पाया सायकलीच्या दुकानात घातला गेला होता असे म्हणण्यास हरकत नाही.

शाळेच्या वेळापत्रकात

फाळके आणि किर्लोस्कर यांनी आपापली वाट स्वतः काढली. सर्वसामान्य मुलाला ती काढून द्यावयाची, तर तिला शाळेत जागा हवी. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा हाच होता. कोठारी आयोगाने (1964–66) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली. परंतु कार्यानुभवाचा तास पुष्कळ शाळांत इतर विषयांचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी वापरला गेला, हे पालकांनाही ठाऊक आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावात 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अन्नतंत्रज्ञानातील हे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील काम सोडून तेथे गेले. शाळेत रमले नाहीत वा नापास झाले अशा मुलांनाही तेथे प्रवेश मिळतो. निवासी अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. विद्यार्थी वेल्डिंग, सुतारकाम व बांधकाम करतात. वीज आणि सौर उपकरणे जोडतात. शेती व पशुपालन सांभाळतात. अन्नप्रक्रिया आणि आरोग्याच्या साध्या तपासण्या शिकतात. एकाच विद्यार्थ्याला या सर्व विभागांतून जावे लागते. केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे, असा दंडक असल्याने ते कामचलाऊ ठेवून चालत नाही. दार नीट लागले नाही तर गिऱ्हाईक ते परत आणते. याच विचारावर आधारलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकविला गेला. त्यासाठी आठवड्यातील एक दिवस राखण्याची पद्धत आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांजवळ काम करावे, असे सुचविले आहे. दहा दिवस थोडे आहेत. तरीही कुंभाराच्या चाकावर मातीचा गोळा मध्यावर बसविणे किती अवघड असते, हे कळण्यास ते पुरेसे आहेत.

शाळेबाहेर काम करून जे शिकले, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानास मान्यता देण्याची तरतूद आहे. ही योजना 2015 मध्ये सुरू झाली. या तरतुदीखाली उमेदवाराचे कसब तपासले जाते, उणीव असल्यास अल्पकाळाचे प्रशिक्षण दिले जाते आणि उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र मिळते. तपासणी मात्र एका वेळी एकाच ठरावीक कामाची होते. वायरिंग, वेल्डिंग आणि पंपदुरुस्ती ही तिन्ही कामे येणाऱ्याने प्रथम कोणत्या कामाची परीक्षा द्यावयाची, हे आपल्या भागातील मागणी पाहून ठरवावे लागते. उरलेल्या दोन कामांची नोंद आजही त्याच्या गिऱ्हाइकांच्या तोंडीच राहते.