मधुमेही कुत्र्याला काय घालाल? पाकिटाची पाठ वाचा

तुमच्या दारचा कुत्रा अलीकडे पाण्याची बादली तळाशी नेऊ लागला आहे का? खातो पूर्वीपेक्षा जास्त, पण बरगड्या मोजता येतात. रात्रीतून तीन-तीनदा लघवीला उठतो. आणि जिथे लघवी करतो तिथे मुंग्या लागतात. अशी लक्षणे एकत्र दिसली तर 'म्हातारा झाला' म्हणून सोडून देऊ नका. त्याला मधुमेह झालेला असू शकतो. माणसाप्रमाणेच कुत्र्यालाही हा आजार होतो, आणि तो बहुधा मध्यम वय उलटल्यावर दिसतो. शस्त्रक्रिया न केलेल्या मादीत त्याचे प्रमाण अधिक असते. माज होऊन गेल्यावर तिच्या शरीरात जे रस वाढतात, ते इन्शुलिनला काम करू देत नाहीत. म्हणून मधुमेही मादीचे गर्भाशय व बीजांडे काढून टाकण्याचा सल्ला डॉक्टर देतात.

आजार जुनाच आहे. नवे आहे ते कुत्र्याचे ताट. पुणे-नगर रस्त्यावरची वाघोलीच पाहा. खडीच्या खाणी आणि शेतीचे हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेले, उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पाठोपाठ प्राण्यांच्या खाद्याची दुकाने आली. पूर्वी घरच्या कुत्र्याला ताकात कुस्करलेली भाकरी मिळे. आता शेतकऱ्याच्या घरीही 'पेडिग्री' येते. कोणत्याही कंपनीचे कोरडे दाणे असोत, आपल्याकडे त्याला पेडिग्रीच म्हणतात! दाण्यांबरोबर रंगीत बिस्किटे आली, चघळायच्या काड्या आल्या, चामड्याची हाडे आली. निरोगी कुत्रा यातले बरेचसे पचवतो. मधुमेही कुत्र्याच्या बाबतीत मात्र पाकीट निवडताना केलेली हयगय त्याच्या डोळ्यांवर बेतू शकते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की डोळ्यांत मोतीबिंदू होतो, आणि मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना तो आजार उघडकीस आल्यापासून वर्ष-दीड वर्षात गाठतोच. साखर ताब्यात असली तर निदान तो लांबवता येतो.

या आजाराच्या औषधाचे कुत्र्याशी नाते आहे, ते थोडक्यात सांगतो. १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी स्ट्रासबर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला आणि रोगाचे मूळ कुठे आहे ते कळले. पुढे १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन मिळवले. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. आज आपल्या घरातले आजोबा जी सुई घेतात, ती आधी कुत्र्याने सोसलेली आहे.

कुत्र्यालाही बहुतेक वेळा इन्शुलिनच लागते. आजोबांच्या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत, आणि त्या परस्पर देऊही नयेत. इन्शुलिन साधारणपणे दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, खाणे झाल्यावर टोचतात. शेतकऱ्याच्या घरी हे वेळापत्रक आयतेच असते. सकाळ-संध्याकाळ धार काढायची वेळ झाली की कुत्र्याचे खाणे आणि सुई, असे ठरवून टाकले तर कोणाला विसर पडत नाही. मात्र तो जेवलाच नाही, तर नेहमीचा पूर्ण डोस टोचू नका; आधी डॉक्टरांना विचारा. पोटात अन्न नसताना इन्शुलिन गेले तर साखर एकदम उतरते, आणि ते साखर वाढण्यापेक्षा लवकर जिवावर येते.

आता खाण्याकडे वळू. बरेच लोक दुकानात जाऊन 'मधुमेहावरचे खाद्य' मागतात. प्रश्न तसा चुकीचा नाही, पण पहिला प्रश्न तो नव्हे. इन्शुलिनचा डोस ठरतो तो कुत्रा रोज काय आणि किती खातो यावर. आज एका कंपनीचे दाणे, उद्या दुसऱ्याचे, परवा दूध-पोळी असे चालले तर डॉक्टरांनी बांधून दिलेला डोस कधी कमी पडतो, कधी जास्त होतो. दुभत्या गाईचा खुराक अचानक बदलला की दूध कसे हलते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. म्हणून समतोल, कुत्रा आवडीने खातो असे आणि आपल्या भागात बाराही महिने मिळेल असे एकच खाद्य निवडा, आणि ते वाटीने न मोजता काट्यावर ग्रॅममध्ये तोलून द्या. वाटी कधी शिगोशीग भरते, कधी दबून भरते. खाद्य बदलणे भागच पडले तर आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळून बदला, आणि डॉक्टरांना आधी कळवा. डोसही बदलावा लागेल.

पाकीट कसे वाचायचे? पशुखाद्याच्या गोणीला शिवलेली चिठ्ठी तुम्ही वाचता. प्रथिने किती, स्निग्धांश किती, तंतू किती, वाळू-राख किती. कुत्र्याच्या पाकिटामागे हीच भाषा असते. पिष्टमय पदार्थांचा आकडा मात्र बहुधा छापलेला नसतो, आणि मधुमेहात नेमका तोच हवा असतो. तो काढणे सोपे आहे. समजा, कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर प्रथिने २२, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ टक्के लिहिली आहे. बेरीज ५४. शंभरातून वजा केले की ४६ उरले. एवढे पिष्ट आणि साखर मिळून आहे. राखेचा आकडा दिलेला नसेल तर कोरड्या दाण्यांसाठी सात-आठ धरा. पाकिटावर किमान आणि कमाल प्रमाणे असतात, म्हणून हा हिशेब अंदाजाचाच, पण दोन पाकिटांत डावे-उजवे ठरवायला तो पुरतो.

डब्यातल्या ओल्या खाद्याशी कोरड्याची तुलना करताना एक खोच आहे. डब्यात पाणीच पाऊण हिश्शाहून जास्त असते. प्रथिने ८, स्निग्धांश ४, तंतू १, ओलावा ८०, राख २ असा डबा घेतला तर उरतात ५. कोरड्यात ४६ आणि यात ५ असे वाटून हुरळू नका. पाणी बाजूला काढले तर २० भाग घनपदार्थांत ५, म्हणजे २५ टक्के. कोरड्या दाण्यात तोच हिशेब ९० भागांत ४६, म्हणजे ५१ टक्के. फरक आहे, पण नऊपट नाही.

आकड्यांनंतर घटकांची यादी वाचा. रीतसर पाकिटावर ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जो घटक आधी तो जास्त. साखर या यादीत आपल्या नावाने क्वचितच येते. सुक्रोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मोलॅसिस, मध — हे सारे तिचेच गोतावळे. यांपैकी एखादे दिसले तर पाकीट फळीवर परत ठेवा. 'धान्यविरहित' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी भुलू नका. गहू-मका काढून बटाटा, वाटाणा, साबुदाण्याचे पीठ घातलेले असते. त्यात पिष्ट आहेच. पाकिटाच्या तोंडावर जे असते ती जाहिरात. तिथे सोनेरी कुत्रा हसतो आहे म्हणून आतला माल चांगला ठरत नाही.

बोटाने दाबले की दबणारे मऊ, ओलसर तुकडे मधुमेही कुत्र्याला मुळीच घालू नयेत. ते मऊ राहावेत म्हणून त्यांत साखर, ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकोल यांसारखे पदार्थ घालतात. सुटे खाद्यही टाळा. मोठ्या गोणीतून किलोवर तोलून दिलेल्या दाण्यांची चिठ्ठी दुकानातच राहते. काल कोणता माल होता आणि आज कोणता आहे ते कळायला मार्ग नाही. पावसाळ्यात उघड्या गोणीला ओल लागते आणि बुरशी धरते. भुईमुगाच्या पेंडीत आणि मक्यात जे अफ्लाटॉक्सिन होते, तेच इथेही होते, आणि कुत्र्याचे यकृत त्याला फार नाजूक. बंद पाकीट घ्या, तारीख पाहा, आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

रॉयल कॅनिन, हिल्स अशा कंपन्या मधुमेहासाठी खास वैद्यकीय आहार बनवतात. त्यांत तंतू अधिक असल्याने जेवणानंतर साखर सावकाश चढते. ते महाग असतात, आणि प्रत्येक कुत्र्याला लागतातच असे नाही. लठ्ठ कुत्र्याला तंतुमय, कमी स्निग्धांशाचे खाद्य उपयोगी पडते. आजाराने हाडे वर आलेल्या कुत्र्याला तेच घातले तर तो आणखी झडतो. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर स्निग्धांश कमीच हवा. हा निवाडा दुकानदाराचा नव्हे. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो डॉक्टरांना दाखवा आणि मग पैसे मोजा.

खरी गडबड होते ती मधल्या खाऊत. एकत्र कुटुंबात कुत्रा एकाचा नसतो. आजोबा चहाबरोबर बिस्कीट टाकतात, पोरे शाळेतून आली की आणखी एक, शेजारची काकू शिळी पोळी घालते. आणि जो तो म्हणतो, 'मी एवढेसेच दिले.' जरा हिशेब पाहा. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या तीन चतुर्थांश पिष्टमय पदार्थ आणि त्यातही जवळजवळ पाव हिस्सा साखर असते. पाच ग्रॅमच्या एका बिस्किटातून साधारण २२ कॅलरी मिळतात. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाचशे ते साडेसहाशे कॅलरी पुरतात, आणि खाऊचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावा असा नियम आहे. म्हणजे अडीच-तीन बिस्किटांत तो वाटा संपला, आणि तोही साखरेने. साठ किलोच्या माणसाच्या मानाने पाहिले तर त्याचे एक बिस्कीट आपल्या सहांच्या बरोबर आहे.

कुत्र्यांसाठी म्हणून विकली जाणारी बिस्किटेही पिठाचीच असतात. साखर नसली तरी पीठ आहे. दात स्वच्छ करायच्या म्हणून मिळणाऱ्या काड्यांचेही बहुधा तेच. त्यापेक्षा ज्याच्या यादीत एकच घटक आहे — वाळवलेली कोंबडी, वाळवलेली कलेजी, बिनमिठाचे सुके मासे — तो खाऊ बरा. त्यातही माहितीतला, पत्ता छापलेला उत्पादक पाहावा. २००७ सालापासून अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याकडे वाळवलेल्या कोंबडीच्या पट्ट्यांबद्दल हजारो तक्रारी आल्या. त्या पट्ट्यांपैकी बहुतेक चीनमधून आलेल्या होत्या. काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडून लघवीत साखर उतरली, पण रक्तातली साखर मात्र वाढलेली नव्हती. मधुमेहासारखा दिसणारा हा वेगळाच आजार. म्हणूनच नुसत्या लघवीच्या तपासणीवर मधुमेह ठरवू नये. रक्तही तपासून घ्यावे.

एक इशारा ठळक सांगतो. घरात मधुमेही माणूस असला की 'शुगर फ्री' चे पाकीट असतेच, आणि 'यात साखर नाही, कुत्र्यालाही चालेल' असे सहज वाटते. काही शुगर फ्री च्युइंगगम, गोळ्या, टूथपेस्ट आणि पीनट बटर यांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याचा क्रमांक ई ९६७. माणसाला तो बाधत नाही. कुत्र्याला तो विष आहे. वजनाच्या दर किलोमागे ग्रॅमचा दहावा भाग पोटात गेला तरी अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते, आणि जास्त गेल्यास यकृत निकामी होते. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम म्हणजे च्युइंगगमच्या एक-दोन गोळ्याही पुरतात. मनुका, द्राक्षे, चॉकलेट, कांदा-लसूण हेही कुत्र्याला वर्ज्यच.

पण म्हणून मुलांना 'त्याला काही द्यायचे नाही' असे सांगितले तर ती चोरून देतील. त्यापेक्षा एक लहान डबी घ्या. रोज सकाळी त्या दिवसाचा खाऊ डबीत मोजून टाका: उकडलेल्या चिकनचे चार तुकडे, काकडीच्या चकत्या, वाफवलेला घेवडा, थोडा लाल भोपळा. तेल, मीठ, मसाला नको. ज्याला कुत्र्याचे लाड करायचे असतील त्याने डबीतून घ्यावे. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे लाड संपले. शक्य तर हा खाऊही जेवणाच्याच वेळी द्यावा.

साखर मात्र घरातून हद्दपार करू नका. मधुमेही कुत्रा अचानक लटपटू लागला, डोळे तारवटले, थरथरू लागला किंवा झटके आले, तर साखर उतरली असे समजा. ग्लुकोज पावडर पाण्यात घट्ट कालवून किंवा मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. झटका चालू असेल तर बोट दातांत जाणार नाही याची काळजी घ्या, आणि शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. मग लगेच दवाखाना गाठा. वाघोलीहून पुण्यात येताना वाहतुकीत किती वेळ जातो ते तुम्ही जाणताच, तेव्हा जवळचा डॉक्टर कोणता आणि रात्री कोण उघडे असते, ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. जाताना इन्शुलिनची बाटली, सुईचे पाकीट आणि खाद्याची पिशवी बरोबर न्या. बाटलीवर एका मिलिलीटरला ४० युनिट लिहिले असेल तर सुईही ४० चीच हवी. १०० च्या खुणांची सुई ४० च्या बाटलीला वापरली की डोस निम्म्याहून कमी जातो, आणि सारा घरदार खाद्यात खोट शोधत बसते.