ओळंब्यातलं भोक

कारखान्यात भोक वाकडं जाण्याचा प्रश्नच येत नाही. लाकूड टेबलावर, ड्रिल खांबाला बसवलेलं. दांडा खाली ओढला की भोक काटकोनात. पण कोकणातल्या जुन्या घराची तुळई उचलून कोण नेणार? झोपाळ्याच्या कड्यांसाठी तिला जागेवरच, खालून वर आरपार भोकं पाडायची होती.

तुळई सागाची, आठ इंच जाड. कडीचा बोल्ट चार सुती. भोक एक अंश कललं तरी वरचं तोंड सूतभराहून जास्त सरकतं. मग वर बोल्टाला लावलेली पट्टी एकाच कडेवर टेकते, सगळा भार तिथे येतो आणि प्रत्येक झोक्याला बोल्ट वाकायला बघतो.

मिस्त्रींनी गुण्या काढला, तुळईला लावून पाहिला आणि परत पिशवीत टाकला. तुळई वाकसाने तासलेली. तिचा तळच सपाट नाही, तर त्यावर धरलेला काटकोन काय कामाचा? काही मशीनच्या पाठीवर बुडबुड्याची लेव्हल असते. वर तोंड करून धरलं की तीही निरुपयोगी. त्यांनी दोन ओळंबे सोडले, एक समोर आणि एक उजव्या हाताला.

मशीन धरणाऱ्याला डावीउजवीकडचा कल लगेच कळतो. स्वतःच्या अंगाकडे आलेला किंवा पलीकडे गेलेला कल मात्र कळत नाही, कारण नजर त्याच रेषेत असते. माझ्या घरातली बहुतेक वाकडी भोकं याच दिशेला वाकडी आहेत. समोरचा ओळंबा मिस्त्री स्वतः बघत होते. बाजूच्या ओळंब्याची दोरी आणि गिरमिटाचं पातं जुळवून बघायला पोऱ्या उभा होता.

"भिंतीकडं घ्या जरा... अजून... बास."

पहिला इंच फार सावकाश. पात्याच्या टोकाला स्क्रूचे आटे असतात. ते लाकडात शिरले की पातं आपोआप ओढलं जातं. इंचभर आत गेल्यावर भोकच पात्याला वाट दाखवतं. त्यानंतर मशीन वाकवून काही सुधारत नाही, भोक रुंद होतं नाहीतर पातं अडकतं. भुसा डोळ्यांत पडत होता, तरी मिस्त्रींनी मान हलवली नाही.

तोवर पोऱ्या माळ्यावर जाऊन, फळी बाजूला करून बसला होता. वरच्या अंगाला टोक जेमतेम दिसताच त्याने हाक दिली. मशीन थांबलं. मिस्त्री माळ्यावर गेले आणि उरलेलं भोक वरून पाडलं. एका दमात आरपार गेलं असतं तर कडेच्या चिरफळ्या निघाल्या असत्या. मग पट्टीखालची जागा पटाशीने सपाट केली. बोल्ट हातोडीशिवाय आत सरकला.

पुढच्या भोकाला पोऱ्या शिडीवर चढला आणि मिस्त्री बाजूच्या ओळंब्याशी जाऊन उभे राहिले.